वाडा दिसतो, ऐकू येत नाही : रोजच्या जागांची नोंद आवाजात आणि चित्रणात कशी ठेवावी

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी याच विषयावर एक छोटं टिपण वाचलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले, आणि दोघा-तिघांनी "हे नीट लिहून द्या" म्हटलं, म्हणून हा लेख. आधीच सांगून ठेवतो, मी इतिहासाचा पदवीधर नाही. अठ्ठावीस वर्षं कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. दाब, तापमान, प्रवाह मोजणारी यंत्रं बसवायची आणि ती खरं सांगतात की नाही ते तपासत राहायचं, हा माझा धंदा. इतिहासाकडे वळलो तरी ती खोड गेली नाही. त्यामुळे या लेखात यंत्रांबद्दल थोडं जास्त येईल, ते चालवून घ्यावं.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. दांडिया बाजारातला आमचा वाडा २००९ साली पाडला. पाडण्याआधी मी माझ्या परीने सगळं करून ठेवलं होतं. टेप लावून मोजमापं घेतली, तिन्ही मजल्यांचे नकाशे काढले, साडेतीनशे फोटो काढले, आणि हँडीकॅमवर चित्रणही केलं. त्या चित्रणाची नऊ मिनिटांची फिल्म बनवली. मूळ आवाजात स्कूटरी होत्या, कुकरच्या शिट्ट्या होत्या, शेजारचा टीव्ही होता, आणि मधेच मीच कुणाला तरी "बाजूला हो रे" असं ओरडत होतो. ते सगळं मी काढून टाकलं आणि वर शहनाई घातली. टेपा नंतर पुतण्याच्या मुंजीला पुन्हा वापरल्या. म्हणजे मूळ आवाज कायमचा गेला.

आईला तोवर काचबिंदूमुळे जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. तरी सगळ्यांच्या सोबत तिलाही फिल्म "दाखवली". नऊ मिनिटं ती शांत बसली. मग म्हणाली, "शहनाई छान आहे रे. पण आपला वाडा कुठंय यात?"

मला तेव्हा थोडा रागच आला होता. ती बरोबर बोलत होती हे कळायला बरीच वर्षं गेली.

फोटोत काय येत नाही

आपल्या बडोद्यात वारसा म्हटला की लक्ष्मी विलास, न्यायमंदिर, मांडवी, लहरीपुरा दरवाजा, कीर्तिमंदिर. या इमारतींचे फोटो हजारांनी आहेत. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहेत, त्यांचेही उत्तम फोटो मिळतात. ते हवेतच. पण माणूस जागेत राहतो तेव्हा ती जागा त्याला दर्शनी भागातून कळत नाही. जिना कुठे करकरतो, कोणत्या खोलीत आवाज घुमतो, वरच्या मजल्यावर कोण चालतंय, नळाला पाणी आलं की नाही, हे सगळं कानाने कळतं. आणि ते वेळेत घडतं. सकाळचा चौक वेगळा, दुपारचा वेगळा. फोटोमध्ये वेळ नसते.

एक साधं उदाहरण घेऊ. डभोई ते मियागाम हा गायकवाडी संस्थानाचा नॅरोगेज लोहमार्ग १८६२ सालचा, भारतातला या प्रकारचा पहिला. सुरुवातीला गाड्या ओढायला चक्क बैल होते. पुढे इंजिनं आली आणि नॅरोगेजचं जाळं वाढलं. प्रतापनगरच्या आसपास ज्यांचं बालपण गेलं त्यांना त्या छोट्या गाडीची शिट्टी अजून आठवते. आता प्रतापनगरहून डभोईमार्गे केवडियापर्यंत ब्रॉडगेज आहे, २०२१ पासून केवडियाच्या गाड्याही त्यावरून धावतात. नॅरोगेजचं जुनं इंजिन प्रतापनगरला जपून ठेवलेलं आहे. ते पाहता येतं, हात लावता येतो. पण शिट्टी, वाफ, रुळांच्या सांध्यांवरची खडखड तिथे ऐकू येत नाही. जी गोष्ट सगळ्या मोहल्ल्याला माहीत होती, तीच नेमकी जपली गेली नाही.

आपल्याआधी कोणी काय केलं

हे काम आपणच पहिल्यांदा करतोय असं नाही. १८९९ साली मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. माकडवाला आणि त्याची माकडं हाही त्यांच्या सुरुवातीच्या चित्रणाचा विषय. म्हणजे आपल्याकडे हलत्या चित्राची सुरुवात राजवाड्यापासून झाली नाही, मोकळ्या मैदानातल्या आणि रस्त्यावरच्या माणसांपासून झाली.

दुसरं नाव दादासाहेब फाळके. ते आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले. सिनेमासाठी भांडवल मिळावं म्हणून १९१२ साली त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि त्याची वाढ थोडी थोडी, रोज एकाच जागेवरून टिपली. 'अंकुराची वाढ' म्हणून ती छोटी फिल्म ओळखली जाते. मला यात दोन गोष्टी फार शिकण्यासारख्या वाटतात. विषय किती साधा! आणि कॅमेरा हलला नाही, हललं ते रोप. जागेची नोंद करताना हाच नियम पाळायचा आहे.

आवाजाच्या बाजूला, १९१३ ते १९२९ या काळात भारताच्या भाषिक सर्वेक्षणासाठी वेगवेगळ्या प्रांतांतल्या बोलींची ग्रामोफोन रेकॉर्डिंग झाली. सर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज ग्रिअर्सन यांचे जाडजूड खंड छापील आहेत, पण बोलीचा उच्चार कागदावर पूर्ण उतरत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. १९३० साली बर्लिनमध्ये वॉल्टर रुटमन यांनी 'वीकएंड' नावाची अकरा-साडेअकरा मिनिटांची 'फिल्म' केली, जिच्यात चित्रच नाही. कामाचा शनिवार, सुट्टीचा रविवार आणि पुन्हा सोमवार, एवढंच, पण केवळ आवाजात.

सगळ्यात पद्धतशीर काम झालं ते कॅनडात. व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात संगीतकार आर. मरे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराच्या आवाजांची नोंद सुरू केली. १९७३ साली त्यांनी व्हँकुव्हरचं ध्वनिचित्र प्रसिद्ध केलं. १९७५ साली हाच गट युरोपात गेला आणि स्वीडन, जर्मनी, इटली, फ्रान्स आणि स्कॉटलंड इथलं एकेक गाव घेऊन तिथल्या दिवसभराच्या आवाजांचा अभ्यास केला. पंचवीसेक वर्षांनी, २००० च्या सुमारास, फिनलंडच्या पुढाकाराने दुसरे अभ्यासक त्याच गावांत पुन्हा गेले. काय राहिलं, काय गेलं, काय नवं आलं, हे त्यांना नेमकं सांगता आलं, कारण पहिली नोंद हाताशी होती. आज केलेल्या रेकॉर्डिंगची खरी किंमत पंचवीस वर्षांनी येणाऱ्या माणसाला कळणार आहे.

शेफर यांनी आवाजांचे तीन प्रकार सांगितले, ते आपल्याला उपयोगी आहेत. पहिला आधारस्वर, म्हणजे तंबोऱ्यासारखा सतत मागे चालणारा, ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आपल्या जुन्या शहरात आज तो दुचाक्यांचा आहे, वाड्याच्या आत पारव्यांचा. दुसरा इशारा, जो मुद्दाम लक्ष वेधतो, जसं देवळातली घंटा, अजान, कुकरची शिट्टी, शाळेच्या रिक्षाचा हॉर्न. तिसरी ध्वनिखूण, म्हणजे त्या जागेचीच असलेली, दुसरीकडे न सापडणारी. नॅरोगेजची शिट्टी ही प्रतापनगरची ध्वनिखूण होती. कुणाच्या घरात अमुक पायरीची करकर हीही ध्वनिखूणच.

वाड्याचा आवाज कशाने बनतो

आता थोडं भौतिकशास्त्र. १८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला एक काम मिळालं. नवीन व्याख्यानगृहात शब्द इतका घुमायचा की काही कळत नसे, एक आवाज विरायला पाच सेकंदांहून जास्त वेळ लागायचा. सबाइन रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, मांडायचा आणि मोजायचा. त्यातून त्याला साधा हिशेब सापडला. खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका आवाज जास्त वेळ टिकतो, आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो लवकर विरतो.

हे वाड्याला लावून पाहा. चौकाला छत नाही, म्हणजे वर गेलेला आवाज परत येत नाही. चारी बाजूंना लाकडी खांब, कठडे, वाळत घातलेली लुगडी, गोधड्या. हे सगळं आवाज थोडा शोषतं, थोडा विखरतं. म्हणून चौकात हाक मारली की ती स्पष्ट वर पोचते आणि घुमत नाही. आता तशाच रुंदीची अपार्टमेंटची डक्ट घ्या. दोन सपाट प्लास्टरच्या भिंती, समोरासमोर, पाच मीटरवर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर. एक फेरी दहा मीटरची, म्हणजे टाळी वाजवली तर ती भिंतींमध्ये सेकंदाला चौतीस-पस्तीस फेऱ्या मारते. कानाला ते 'झर्रर' असं लागतं. तिथे कुणी हाक मारत नाही, कारण शब्दच कळत नाहीत.

लाकडी तक्तपोशीचंही तसंच. फळीवर पाऊल पडलं की तुळया हलतात आणि खालच्या खोलीला कळतं. आरसीसीचा स्लॅब जड असतो, हलक्या पावलाने तो हलत नाही. आईला जिन्यावरच्या पावलावरून कोण आलं ते कळायचं, यात चमत्कार नव्हता. लाकूड तिला सांगत होतं. नवीन फ्लॅटमध्ये ती दचकायची, कारण माणूस एकदम समोर उभा राहायचा.

म्हणून ज्या जागेची नोंद कराल तिथे एक टाळी जरूर रेकॉर्ड करा. चौकात, माजघरात, जिन्याखाली, माळ्यावर. जागा पाडली तरी त्या टाळीवरून ती किती मोठी, किती भरलेली, किती उघडी होती ते सांगता येतं.

कान आणि माइक

आपला कान निवड करतो. चौकात बसून बोलताना बाहेरच्या स्कूटरी आपल्याला ऐकूच येत नाहीत. माइक निवड करत नाही, त्याच्यापुढे जे येईल ते सगळं सारखं. त्यामुळे पहिलं रेकॉर्डिंग ऐकताना सगळ्यांची निराशा होते, "अरे, नुसता ट्रॅफिक!" याला उपाय एकच. ज्या आवाजाची नोंद हवी, त्याच्या जवळ जा. आणि तो ट्रॅफिकही शत्रू मानू नका, आजच्या रावपुऱ्याची तीच खरी नोंद आहे.

मोबाइलबद्दल नेहमी विचारतात. काही नसण्यापेक्षा मोबाइल बरा. पण दोन अडचणी समजून घ्या. फोन बोलण्यासाठी बनवलेला आहे. बऱ्याच फोनमध्ये आवाज कमी असेल तर तो आपोआप वाढवला जातो आणि मोठा असेल तर दाबला जातो. त्यामुळे दुपारची शांतता आणि संध्याकाळचा गलका रेकॉर्डिंगमध्ये एकसारखे येतात. आणि फोन 'पार्श्वभूमीचा गोंगाट' पुसायचा प्रयत्न करतो. आपल्याला तर नेमकी पार्श्वभूमीच हवी आहे! शक्य असेल तर हातात मावणारा साधा रेकॉर्डर घ्या. आपोआप पातळी बदलण्याची सोय बंद करा, फाइल वेव्ह प्रकारची, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. दोन चॅनलच्या अशा एका तासाला साधारण एक जीबी जागा लागते, आजच्या काळात ही काही मोठी गोष्ट नाही. माइकवर स्पंजची टोपी हवी, गच्चीवर असाल तर तीवर लोकरीचा मोजा चढवा, नाही तर वाऱ्याची घरघर सगळं खाऊन टाकते.

आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवू नका. दाबून लहान करताना त्यातले बारकावे जातात. पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

एक वाडा, एक दिवस

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही चौघांनी हे प्रत्यक्ष करून पाहिलं. रावपुऱ्यामागच्या गल्लीत एक दोन चौकी वाडा, मालक आणि तीन भाडेकरू कुटुंबं. वर्षभरात तो उतरवायचं ठरलं होतं. पहाटे पाच ते रात्री नऊ, दर तासाला दहा मिनिटं, पुढच्या चौकात एकाच जागी रेकॉर्डर. सतरा वेळा, म्हणजे १७० मिनिटं. फार काही घडलं नाही, आणि घडू नये असंच आम्हाला वाटत होतं.

वाहीतल्या काही नोंदी देतो. पहाटे सहाच्या आत नळाचा आवाज. आधी फुसफुस, कारण रात्रभर रिकाम्या राहिलेल्या नळातली हवा पाणी पुढे ढकलतं, मग खोकल्यासारखं फुरफुरणं, मग धार. धार पितळी हंड्यात पडते की प्लास्टिकच्या बादलीत, ते ऐकू येतं. सातच्या आधी शाळेची रिक्षा. अकराला भाजीवाली, तिचं गुजराती आणि वरून येणारं मराठी, दोन्हीत भाव ठरतो. दुपारी दीडला फक्त पारवे आणि मागच्या चौकातलं शिवणयंत्र. चारला चहाची भांडी. सातला आरती, साडेसातला तीन घरांतून तीन वेगळ्या मालिका. नऊला दिंडी दरवाज्याचा अडसर.

पण खरी गोष्ट आम्हाला घरी ऐकताना कळली. दिवसभरात एकाही दाराची बेल वाजली नाही. कुणी कुणाकडे गेलं की आधी चौकात उभं राहून हाक. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना तर दर दोन-तीन तासांनी कुणी ना कुणी खालून काहीतरी विचारत होतं. "आजी, दूध आलं का?" "आजी, औषध घेतलं ना?" आणि त्या शब्दाने उत्तर देत नव्हत्या. कठड्यावर वाटी आपटत होत्या. दोनदा म्हणजे हो.

आम्ही त्या वाड्याचे नकाशे आधीच काढले होते. नकाशात चौकापुढे मी स्वतः लिहिलंय, "उजेड व हवा यांसाठी". वाड्यांवरच्या पुस्तकांतही असंच लिहिलेलं असतं. ते खरंच आहे, पण अर्धं. रेकॉर्डिंग ऐकल्यावर त्या नकाशात मी दुरुस्ती केली, "बोलावणे व चौकशीसाठी" हे शब्द जोडले. इतिहास म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं. आवाज ही केवळ आठवणीची सजावट नाही. जागा कशी वापरली जात होती याचा तो पुरावा आहे, आणि तो कागदात सापडत नाही.

भाषेचंही तसंच. आपण बडोदेकर पत्रं लिहितो ती पुण्याच्या मराठीत. घरात बोलतो ती वेगळी. आमच्या घरात खिडकीला सर्रास बारी म्हणायचे, कांद्याला डुंगळी. अर्धं वाक्य मराठी, क्रियापद गुजराती. ही बोली आपल्या कुठल्याच दप्तरात नाही. ती फक्त स्वयंपाकघरात आणि चौकात आहे, आणि पुढच्या पिढीबरोबर तीही बदलतेय.

चित्रण करताना

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात, पण आग्रहाने. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पाटावर ठेवा आणि हात मागे घ्या. एक चौकट किमान दोन मिनिटं. पहिली तीस सेकंद लोक कॅमेऱ्याकडे बघतात, मग विसरतात, खरी नोंद तिथून सुरू होते. उंची माणसाच्या डोळ्यांची ठेवा. झोपाळ्यावर बसणाऱ्याला जे दिसतं ते झोपाळ्यावर बसूनच टिपायला हवं. ड्रोनमधून वाडा सुंदर दिसतो, पण त्या उंचीवरून त्यात कोणी कधी राहिलेलं नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. कॅमेरा सेकंदाला २५ चौकटींवर आणि शटर एक-पन्नासांशावर ठेवलं तर चित्रात पट्टे फिरत नाहीत. फोनवर ३० चं सेटिंग असतं, ते बदलता येत असेल तर बदला. रेकॉर्डर वेगळा असेल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. नंतर चित्र आणि आवाज जुळवायला तीच खूण लागते.

परवानगी

हा भाग सगळ्यात अवघड आहे, आणि यंत्र त्यात मदत करत नाही. फोटोत माणूस दिसतो, पण रेकॉर्डिंगमध्ये तो बोलतो. कधी भांडतो, कधी उसने पैसे मागतो. त्या वाड्यातल्या एका काकी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आमची भांडणं नेऊन लोकांना ऐकवणार काय?" एका भाडेकरूला वेगळीच भीती होती. तुळयांची करकर रेकॉर्ड झाली तर उद्या तीच "इमारत धोकादायक आहे" म्हणून आमच्याविरुद्ध वापरतील. त्यांची भीती चुकीची नव्हती. जुन्या वाड्यांत मालक आणि भाडेकरू यांच्यात काय चालतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आम्ही असं केलं. रेकॉर्डिंगआधी प्रत्येक घरात जाऊन सांगितलं. नंतर सगळ्यांना बसवून ऐकवलं आणि "जे नको ते सांगा, तुमच्यासमोर पुसतो" म्हटलं. दोन तुकडे पुसायला सांगितले. त्यातला एक अभ्यासाच्या दृष्टीने फार मोलाचा होता. तरी पुसला, आणि प्रतही ठेवली नाही. पुढच्या वेळी त्याच गल्लीत आपल्याला कोणी दार उघडेल ते याच कारणाने.

नोंदवही

नोंद नसलेलं रेकॉर्डिंग म्हणजे पाठीमागे नाव नसलेला फोटो. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बोलून ठेवा : तारीख, वेळ, जागा, मजला, माइक कुठे आणि कोणत्या दिशेला, हवामान, कोण हजर. वीस सेकंदांचं काम आहे. कागद हरवतो, पण फाइलमध्ये बोललेलं हरवत नाही. शिवाय प्रत्येक ठिकाणी एक मिनिट सगळ्यांनी गप्प राहून नुसती जागा रेकॉर्ड करा. मूळ फाइल कधीही कापू नका, काम प्रतीवर करा. दोन वेगळ्या डिस्क, दोन वेगळ्या घरांत.

कपाटातल्या टेपा

ज्यांचे वाडे आधीच गेले, त्यांनी काय करायचं? शोधायचं. लग्नामुंजींच्या व्हीएचएस कॅसेट काढा. त्यात नवरा-नवरीमागे जो चौक, जो ओटा, जी गल्ली दिसते, ती आपली. ऑडिओ कॅसेट पाहा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अनेक घरांतून परदेशातल्या मुलांना पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. त्यात आजी-आजोबा बोलतात, आणि मागे घर बोलत असतं. या चुंबकीय टेपा जुन्या होतील तशा खराब होतात, आणि त्या वाजवणारी यंत्रं त्याहून लवकर मिळेनाशी होतायत. बुरशी आलेली टेप घरच्या यंत्रात घालू नका. आधी दाखवा.

माझ्या बाबतीत असंच झालं. फिल्मनंतर तीन वर्षांनी मावसबहिणीकडे एक टेप मिळाली, तिच्या मुलाच्या वाढदिवसाची, आमच्याच वाड्यात काढलेली. केक कापून झाल्यावर कुणीतरी कॅमेरा चालू ठेवून ओट्यावर विसरलं होतं. चित्रात फक्त भिंत आणि एका खुर्चीचा पाय. साधारण चाळीस सेकंद. मागे झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज, दूर नळ, कुणीतरी जिना उतरतंय.

मी आईला काही न सांगता ते लावलं. ती पुढे झुकून बसली. "संध्याकाळ आहे," म्हणाली. "पाणी आलंय. आणि हे तुझे बाबा उतरतायत, मधली पायरी गाळून." बाबांना गुडघ्याचा त्रास सुरू झाल्यापासून ते कठडा धरून मधली मोडकी पायरी टाळायचे. मी विसरून गेलो होतो. त्यांना जाऊनही तेव्हा चार वर्षं झाली होती. तिने ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि नंतर बरेचदा सांगत राहिली.

माझे नकाशे अजून आहेत. त्यात तो जिना आहे, पायऱ्यांची संख्याही आहे. मधली पायरी मोडकी होती ही नोंद मात्र नव्हती. ती मी आता त्या टेपवरून केली आहे.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे जुन्या टेपा असतील त्यांनी घेऊन याव्यात. मी टेप वाजवायची यंत्रं आणि डिस्क घेऊन येतो, तिथेच प्रती काढू. आणि कुणी घरची फिल्म बनवत असेल तर शहनाई जरूर घाला, पण वेगळ्या प्रतीत. मूळ आवाज असलेली प्रत तशीच राहू द्या.